उंबऱ्यावरचा भोपळा

“भोपळा मी ठेवलाच नव्हता!” सोलोमिया भर जत्रेत ओरडून सांगत होती, आणि एकाही माणसाचा तिच्यावर विश्वास बसला नाही. एकाचाही नाही. का बसला नाही, ते ऐका.

युक्रेन देशात नदीकाठी एक गाव होतं. तिथं ओमेल्को नावाचा चित्रकार राहायचा. आईबाप लहानपणीच गेले. गावाची गुरं राखता राखता तो लोकांच्या चुन्यानं सारवलेल्या पांढऱ्या भिंतींवर कोळशानं नदी काढायचा आणि मार खायचा. मोठा झाला, शहरात जाऊन शिकला आणि सरळ गावी परतला. राजेराण्या काढल्या नाहीत त्यानं. आभाळ, नदी, माळ, गव्हाची शेतं, बस्स. हिवाळ्यात रंग गोठायचे, तर रंगाच्या नळ्या काखेत धरून बर्फात बसायचा.

आणि काय काढायचा! त्याच्या चित्रातलं धुकं बघून म्हातारी माणसं शाल ओढून घेत. एकदा त्यानं पावसाचे ढग काढले, तर बघता बघता एक बाई वाळत घातलेले कपडे काढायला घराकडे धावली. बाहेर लख्ख ऊन! हसू नका. तुम्हीही धावला असता. त्याच्या चित्रापुढं माणसं टोप्या काढून उभी राहत, देवापुढं राहतात तशी. ‘खरोखर नसलेली माशीसुद्धा ओमेल्कोच्या चित्रात बसत नाही,’ असं सगळे म्हणत. ते खरंच होतं. एक चित्र सोडून.

त्या वर्षी त्यानं गावाची संध्याकाळ काढली. नदीवर निळी सावली, मागं माळ, पुढं सोलोमिया नावाच्या लग्नाच्या पोरीचं पांढरं घर. सगळं जमलं, पण चित्राला काही ऊब येईना. मग त्यानं बोटानं तिच्या उंबऱ्यावर एक पिवळा ठिपका लावला. भोपळा. झालं! अख्खी संध्याकाळ उजळली.

आता आपल्याकडे भोपळा मिळतो परीक्षेत. त्या मुलखात मिळतो लग्नात. मागणी घालायला आलेला मुलगा नको असेल, तर पोरगी त्याच्या हातात भोपळा देते. नुसता दारात ठेवला तरी अर्थ तोच, परत फिरा. हे ओमेल्कोला माहीत नव्हतं? चांगलं माहीत होतं. पण जन्मभर आभाळाकडे बघणाऱ्याला उंबऱ्याची आठवण राहिली नाही.

शहरातला एक साहेब ते चित्र राजधानीत न्यायला आला. नेण्याआधी ते जत्रेत मांडलं. बघायला गर्दी लोटली. बायकांचे डोळे भरून आले. रोजचीच संध्याकाळ, पण ती इतकी मोठी असते हे त्यांना त्या दिवशी कळलं. त्याच गर्दीत शेजारगावचा तिमिश होता. दुसऱ्या दिवशी तो सोलोमियाला मागणी घालणार होता. त्यानं भोपळा बघितला, मान खाली घातली आणि समोर उभ्या असलेल्या सोलोमियाकडे न बघता पाठ फिरवली.

“नको होता तर आधी सांगायचंस!” त्याची आई कडाडली. “चारचौघांत नाक कापलंस माझ्या पोराचं!”

“मावशी, भोपळा मी ठेवलाच नव्हता!”

“ओमेल्कोनं काढलाय म्हणजे होताच. तो खोटा, की तू?”

सोलोमिया तडक चित्रकारापुढं जाऊन उभी राहिली. “काका, माझ्या दारात भोपळा होता?”

ओमेल्को पांढराफटक पडला. साहेब त्याच्या कानाशी लागला, “बोलू नका. तुमच्या चित्रातलं सगळं खरं असतं, म्हणून तर राजधानी वाट बघतेय.”

“पुसून टाकतो, पोरी,” ओमेल्को पुटपुटला.

“पुसू नका! पुसलात तर म्हणतील, रडून पुसून घेतला. तोंडानं सांगा.”

जन्मभराचं नाव एका ठिपक्यावर येऊन टेकलं. ओमेल्को एका बैलगाडीवर चढला. टोपी काढली.

“भोपळा नव्हता. मला पिवळा रंग हवा होता, म्हणून मी लावला. पोरगी खरी, मी खोटा.”

मग खाली उतरून त्यानं भोपळ्याखाली बारीक अक्षरांत आपलं नाव लिहिलं. आजवर एकाही चित्रावर लिहिलं नव्हतं. आभाळावर आपलं नाव काय घालायचं, म्हणायचा. कुणी हसलं नाही. लोकांनी पुन्हा टोप्या काढल्या. या वेळी चित्रासाठी नव्हे.

दुसऱ्या दिवशी तिमिश हसत हसत दारात आला. “काकांचं चुकलं, सोलोमिया. आता झालं गेलं विसर.”

सोलोमिया आत गेली. बाहेर आली ती भलाथोरला भोपळा घेऊन. तो त्याच्या हातात ठेवला.

“हा मात्र मी दिलाय. नीट बघून घे.”

गाव कुजबुजलं, ओमेल्कोच्या ठिपक्यानं लग्न मोडलं. सोलोमियानं तिथंच त्यांची तोंडं बंद केली. “काका चुकले, ते त्यांनी गाडीवर चढून सांगितलं. मी चार हातांवर उभी होते. मला एक शब्द विचारायला काय झालं होतं?”

तात्पर्य: चित्र कितीही थोर असो, जिवंत माणूस समोर असताना आधी त्याला विचारावं. चूक ओमेल्कोची होती, पण दोष ज्याचा, त्याचं नाव तिमिश.