हाक नसलेली वाडी

खिलारवाडीत कुत्र्याला भाकरी टाकताना कुणी यू-यू करत नाही. भाकरी दगडावर ठेवायची अन् गुमान मागं फिरायचं. पाहुण्यानं कुत्र्याला हाक मारलीच, तर म्हातारी माणसं आधी त्याला गप्प करतात, मग कारण सांगतात.

फार मागं म्हणे इथं बानू नावाची धनगरीण होती. ती बाळंत झाली त्याच आठवड्यात तिच्या मोरनी कुत्रीनंही पाच पिल्लं घातली. पिल्लांचे डोळे उघडले ते पिवळेजर्द. तेव्हा मेलेली कोकरं वाडीजवळच्या ओढ्यात टाकायची रीत होती, त्या वासानं लांडगे वाडीला चिकटले होते. सासूनं लगेच ओळखलं.

"बानू, ही लांडग्याची हायेत. खड्ड्यात घाल."

"आत्याबाई, मांडीवर माझं लेकरू, अन् हिची लेकरं पुरू व्हय?"

"लांडगा माणसाला भितो म्हणून आपण जगतो गं. ही भ्यायची न्हाईत."

बानूनं 'पुरली' म्हणून सांगितलं, अन् पाटीतून नेऊन टेकडीच्या कपारीत ठेवली. मोरनी तिथं जाऊन पाजायची. पुढं बानू रोज ताकात भाकरी कुस्करून न्यायची. यू-यू केलं की पाचही तिच्या पायांत घोटाळायची. अंगानं भरली, तशी रानात निघून गेली.

वर्ष झालं. एका भर दुपारी बानूनं वाडीतल्या कुत्र्यांना हाक दिली, तर टेकडीवरनं ती पाच उतरली. एकाचा पंजा पांढरा होता, त्यावरनं तिनं ओळखलं. तिला भरून आलं, असं सांगतात. भाकरी आणायला ती आत वळली. बाहेर बाभळीच्या झोळीत तिचं लेकरू, धुळा, निजलं होतं. मोरनी झोळीखालीच बसलेली, पण भुंकली नाही. पोटचीच होती ना तिच्या.

बानू बाहेर आली तेव्हा झोळी रिकामी हलत होती.

"धुळाऽ, धुळाऽ" करत ती टेकडी चढली. हाक ऐकून ती पाचही आली. तोंडं माखलेली. शेपट्या हलवत तिच्या पायाशी बसली, अन् भाकरीची वाट बघू लागली.

त्यानंतर बानूचा आवाज कुणी ऐकला नाही. सासूनं बिरोबापुढं भंडारा उचलून सगळ्या वाडीला हाक न मारायची शपथ घातली. पण ती पिवळ्या डोळ्यांची जात काही माळावरनं गेली नाही. लांबून कुत्रं कोणतं अन् लांडगा कोणता, कळत नाही. आजही खिलारवाडीतली आई खेळायला गेलेल्या लेकराला नावानं हाक मारत नाही. असेल तिथं चालत जाते, अन् हात धरून घरी आणते.