रंगारी सरांची उजवी मूठ

“…पण मी तर घट्ट धरतो, भंते. तरी ती पळते कशी?”

रंगारी सरांनी हे विचारलं तेव्हा त्यांच्या कोपराला पट्टी होती आणि चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली होती. विहाराच्या पायरीला त्यांची नवी इलेक्ट्रिक सायकल टेकवलेली. निळी. सीटवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं.

भंडारा जिल्ह्यातलं तळ्याकाठचं गाव. इथं त्यांना कोणी नावानं हाक मारत नाही. सर म्हणतात. दोन पिढ्यांना त्यांनी शाळेत झोडपलं, त्याचा हा मान. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी रस्त्यात पोर दिसलं की पहिला प्रश्न, किती टक्के?

भंते दोरीवर भिक्खूचं चीवर वाळत घालत होते. ते अंगावर यायच्या आधी बावीस वर्षं त्यांनी ट्रक चालवला होता. सर त्याबद्दल कधी बोलत नसत. सातवी नापास माणसापुढं गुडघे टेकायचे, तर काहीतरी विसरावंच लागतं.

“किती वेळा पडले?” भंतेंनी विचारलं.

“पडलो नाही. घसरलो.”

“किती वेळा घसरले?”

“तीन.”

“अन् आज?”

“आज ती अंगणवाडीकडं गेली. मुलं आत होती, भंते. मधे भिंत होती म्हणून…”

भंते चीवराची सुरकुती काढत राहिले.

“रविवारी सुमेध येतोय. माझा मुलगा, पुण्याहून. डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा त्यानं माझी स्कूटर विकली. आता म्हणतो, बाबा, ही सायकल माझ्यासमोर चालवून दाखवा. तळ्याच्या टोकापर्यंत आणि परत. नाही जमलं तर सामान बांधा आणि माझ्याकडं चला. अकराव्या मजल्यावर.”

“चांगलं आहे न. वरून बरंच दिसत असंल.”

“तिथं मला कोण ओळखतं?”

…

हे मात्र ते खरं बोलले. मास्तर झाल्यापासून पहिल्यांदा कुणी त्यांची परीक्षा घेणार होतं, आणि त्यांना तीन रात्री झोप नव्हती.

“आज शुक्रवार,” सर म्हणाले. “दोन दिवसांत काहीतरी शिकवा. मन शांत करायचं. श्वासाचं वगैरे.”

“मन कायले? सायकल आणा.”

भंते कॅरिअरवर जाऊन बसले.

“मागं नका बसू, भंते. काही झालं तर?”

“तर दोघं घसरू.”

सायकल निघाली. पायडल मारलं की मोटर मदत करायची आणि उजवी मूठ पिळली की ती स्कूटरसारखी आपोआप पळायची. दुकानातल्या पोरीनं हे नीट समजावलं होतं. सरांनी ऐकलं नव्हतं. चाळीस वर्षं सायकल चालवलेल्या माणसाला पोरीसोरी काय शिकवणार.

तळ्याची पाळ अरुंद. एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला खोल उतार. पुढं एक बाई शिंगाड्यांची टोपली डोक्यावर घेऊन पाठमोरी चाललेली.

सरांनी तिला पाहिलं आणि मूठ आवळली.

सायकल झेपावली.

सरांनी आणखी आवळली. ती आणखी झेपावली. ब्रेकची दांडी बोटांसमोरच होती, पण आवळलेल्या मुठीतून बोट बाहेर पडतं कुठं?

“भंते, थांबत नाही.”

टोपली जवळ येत होती.

“भंते, काय करू?”

“सोडा.”

“काय सोडू?”

“उजवा हात.”

“अहो, पडू आपण.”

…

बाई आता इतकी जवळ होती, की टोपलीतून ठिबकणारं पाणी सरांना दिसलं.

त्यांनी डोळे मिटले. बोटं उघडली.

मोटरचा आवाज गेला. सायकल मंदावली, डुलली, आणि सरांचा पाय जमिनीला लागला. बाईच्या पाठीपासून पुढचं चाक हातभर दूर होतं.

तिनं वळून पाहिलं. आधी चाकाकडं, मग सरांकडं.

“घंटी नाही काय जी सर, या गाडीले?”

एवढं विचारून ती निघून गेली.

सरांनी चष्मा नीट बसवला. मग हसले. आणि मग, अशा माणसांना राहवतच नाही, भंतेंनी आत्ता जे शिकवलं ते भंतेंनाच समजावून सांगायला लागले.

“म्हणजे बघा. मी घाबरलो की आवळतो. आवळली की मूठ फिरते. मूठ फिरली की ती पळते, आणि ती पळाली की मी आणखी घाबरतो. आलं लक्षात?”

“आलं.”

“मग आधी का नाही सांगितलं?”

“चालवत तुम्ही होते.”

सरांनी रुमालानं मान पुसली. आता आवाज परत शाळेतला झाला होता.

“रविवारी दाखवतोच त्याला. टोकापर्यंत आणि परत. एकदा सोडून तीनदा.”

“अन् मग?”

“मग तो एकटा परत जाईल. मी इथंच राहीन.”

सरांनी रुमाल खिशात ठेवला. पाण्याकडं बघत राहिले.

…

“मी त्याला कधी मोकळं सोडलं नाही, भंते. बारावीला तर खोलीला बाहेरून कडी लावायचो. जेवण आत द्यायचो. इंजिनीअर झाला. आणि सहा वर्षांत चारदा आला. येतानाच सांगतो, परतीची गाडी किती वाजता आहे ते.”

भंते कॅरिअरवरून उतरले. चीवराची धूळ झटकली आणि विहाराकडं चालू लागले.

सर सायकल हातात धरून मागं मागं आले.

“भंते… तो नापास करायलाच येतोय का हो मला?”

भंते चालत राहिले.

“निदान रविवारी काय करू, ते तरी सांगा.”

भंते थांबले.

“त्याले पुढं बसवा. तुम्ही मागं बसा.”

“मी मागं? आणि मग?”

“रस्ता सांगू नका.”