शेवंताताईचे शब्द

एका राज्यात रायबा नावाचा तरुण भेटेल त्याला विचारी, "दोघं गेलो होतो, मग मी एकटाच का परत आलो?" झाले होते असे.

त्या राज्याचे पाणी एका मांत्रिकाने डोंगरात कोंडले होते. वाटेत तीन दारे. दर दारावर पितळेचा भारद्वाज पक्षी बसे आणि गणित घाली. उत्तर चुकले की दार कायमचे मिटे. शिवाय त्या डोंगरात बोलणाऱ्या माणसाचा जीव शब्दागणिक सुकत जाई. गुरे मरू लागली, तेव्हा रायबा आणि स्वतःच्या वाटचे पाणी त्याला पाजून आधीच खंगलेली त्याची थोरली बहीण शेवंता निघाली.

पहिला भारद्वाज म्हणाला, "तीन झाडं. झाडांवर प्रत्येकी चार घरटी. घरटी किती?"

रायबा 'सात' म्हणणार, तोच शेवंताने त्याचे तोंड दाबले.

"प्रत्येकी म्हणजे?"

"असेल काहीतरी. आकडे कळले ना."

"गाढवा, एकेका झाडावर चार."

तिने वाळूत झाडे काढली. रायबाने घरटी मोजली. "बारा."

दार उघडले. शेवंताचे ओठ फुटले होते.

दुसरा म्हणाला, "राणीकडे वीस मोती. दासीपेक्षा पाच जास्त. दासीकडे किती?"

"जास्त म्हणजे मिळवायचं," रायबा पुटपुटला.

"जास्त कोणाकडे?"

"राणीकडे."

"मग दासीकडे?"

"कमी. पंधरा."

दार उघडले. शेवंता उंबऱ्यावरच बसली.

"ताई, उत्तर तूच द्यायचंस. एका शब्दात भागलं असतं."

"तिसऱ्या दारापर्यंत मी पुरणार नव्हते, रायबा. तुला कळायला हवं होतं." एवढे बोलून तिने प्राण सोडला.

तिसरा म्हणाला, "राजाकडे अठरा घोडे. प्रधानाच्या घोड्यांच्या दुप्पट. प्रधानाकडे किती?"

छत्तीस रायबाच्या जिभेवर आले होते. "पुन्हा सांग," तो म्हणाला.

"आजवर असं कोणी म्हटलं नव्हतं," पाखरू म्हणाले, आणि त्याने गणित पुन्हा सांगितले.

दुप्पट कोणाचे? राजाचे. मग प्रधानाचे निम्मे.

"नऊ."

दार उघडले आणि कोंडलेले पाणी सुटले. विहिरी भरल्या, गुरे पाण्यावर आली. लोक रायबाचा जयजयकार करू लागले, तेव्हा तो म्हणाला, "ताईचं नाव घ्या. मला नुसते आकडे येत होते. त्यांचा अर्थ तिने दिला."

पण हे मागाहून. पाणी डोंगरातून धावत दुसऱ्या दाराशी आले, तेव्हा रायबाने पहिली ओंजळ भरली. स्वतः प्याला नाही. ताईचे डोके मांडीवर घेतले आणि तिच्या ओठांवर थेंब थेंब पाणी सोडले.