वारेमाळची बुटकी दारं

खर्रर्र... धाड!

हा आवाज कोंडाजीनं चाळीस वर्षांपूर्वी ऐकला होता. त्याच्या चुलत्यानं हौसेनं घराला उंच दार केलं. आषाढातला वारा त्या दारानं आत शिरला आणि अख्खं छप्पर उचलून त्यानं दरीत भिरकावलं. तेव्हापासून डोंगरमाथ्यावरच्या वारेमाळ गावात कुणाचंच दार छातीपेक्षा उंच नव्हतं. आणि आज खुद्द राजा रणधवल कोंडाजीच्या अंगणात उभा राहून गरजत होता, "गावातली सगळी दारं घोडेस्वार जाईल एवढी उंच करा!"

कारण काय, तर राजाला भूक लागली होती! मुलूख पाहायला म्हणून तो दिवसभर डोंगर चढून आला होता. वारेमाळची रीत अशी, की पाहुण्याचं पान चुलीपाशीच मांडायचं. अंगणात जेवतं ते कुत्रं. चुलीपाशी जायचं तर दारात वाकायला हवं. आणि राजा तर देवळातही वाकत नसे!

"ही घरं की खुराडी?" दिवाण भास्करपंतांनी नाकाला उपरणं लावलं. "माणसं राहतात यात?"

"खुराड्यात आधी कोंबडं आरवतं म्हणत्यात, दिवाणजी," कोंडाजीची लेक ठमी म्हणाली. "आमी तर अजून गपच होतो."

कोंडाजीनं लेकीचा हात हळूच दाबला आणि तो राजापुढे झाला. "महाराज, उंच दारातनं वारं शिरतं. पावसाळ्यात एक छप्पर जागेवर राहायचं नाही. लेकरंबाळं उघड्यावर पडतील."

"मग राहू देत तुझी दारं!" राजा म्हणाला. "पण उद्या दुपारी मला तुझ्या चुलीपाशी जेवायला बसव. मी आत येईन तो ताठ मानेनं! तुऱ्याला धक्का लागता कामा नये, भिंत फोडता कामा नये. जमलं नाही, तर परवा माझे सुतार येतील."

"आणि खड्डाही खणायचा नाही," दिवाण हसून म्हणाले. "बिळातून जायला महाराज काही कोल्हे नव्हेत."

राजा आपल्या तंबूकडे गेला. कोंडाजी मटकन खाली बसला.

"बा, असा काय बसलास?" ठमी म्हणाली. "पावसाळ्याआधी छप्पर शाकारायचं असलं, की आपण काय करतो?"

"काय करतो? गाव गोळा होतं, अख्खं छप्पर उचलून अंगणात ठेवतं, नवं गवत घालून परत..." कोंडाजी बोलता बोलता थांबला. लेकीकडे बघत राहिला. मग उठला आणि घरोघर सांगत सुटला.

दुसऱ्या दिवशी दुपारी चाळीस गडी घराभोवती उभे राहिले. "हेऽऽ हैस्सा!" छप्पर वर आलं आणि अलगद अंगणात उतरलं. दाराला वरचं लाकूड नव्हतंच. छपराची वळचण हेच दाराचं कपाळ. ते गेलं आणि दारावर नुसतं आभाळ राहिलं! राजा तुरा डोलवत ताठ चालत आत गेला आणि चुलीपाशी बसला. ठमीनं नाचणीची भाकरी, माठाची भाजी आणि मिरचीचा ठेचा वाढला.

राजानं पहिला घास घेतला तोच दिवाण ओरडले, "अरे रानट्यांनो, महाराजांना ऊन लागतंय! दिसत नाही? ठेवा ते छप्पर!"

"ठेवायचं?" ठमीनं विचारलं.

"लगेच!"

हुकूम तो हुकूम! गड्यांनी छप्पर चढवलं, दोर आवळले आणि ते आपल्या शेतांकडे निघून गेले. राजानं चार भाकरी खाल्ल्या, ढेकर दिली, तो उठला, दाराशी आला आणि थबकला. वळचण छातीला लागत होती.

"छप्पर उचला!"

"गडी डोंगरापल्याड गेले, महाराज," ठमी म्हणाली. "दिवस मावळता येतील. तोवर आणखी एक भाकर टाकू?"

दिवाणांनी शिपाई लावले. शिपायांना धड हात कुठं घालायचा तेही कळेना! छप्पर हललं नाही. शिपायांच्या पागोट्यांत मात्र गवत गेलं.

"राजाला कैद करता?" दिवाण किंचाळले.

ठमी दारातून वाकून अंगणात आली. ती शांतपणे म्हणाली, "कैदेला कुलूप लागतं, दिवाणजी. आमच्या दाराला तर फळीसुदिक नाही. आणि हुकूम आत न्यायचा होता, बाहेर काढायचा नव्हता!"

"पोरी," आतून राजा म्हणाला, "माझं डोकं कुणापुढं खाली जात नाही. बाहेर काढ मला!"

"मग सोपं हाय. दारासमोर दिवाणजीच तर उभे हाईत. त्यांना अंगणात पालथं पडाय सांगा. आमी सगळी बसतो. तुमी कितीबी वाका, महाराज, तुमचं डोकं समद्यांच्या वरच राहील!"

आतून चूल हादरेल असं हसू फुटलं. "भास्करपंत, पडा!"

दिवाण ताज्या सारवलेल्या अंगणात पालथे पडले. राजा कमरेत वाकून बाहेर आला, ताठ झाला आणि पुन्हा पोट धरून हसू लागला. हातातलं सोन्याचं कडं काढून त्यानं ठमीला दिलं. कोंडाजीला म्हणाला, "वारेमाळच्या दाराला कुणी हात लावायचा नाही. आणि पुढच्या वर्षी शाकारायला मला बोलाव. हैस्सा म्हणायचंय मला!"

कोंडाजीनं दिवाणांना हात देऊन उठवलं आणि ओलं फडकं पुढं केलं. दिवाणांनी ते घेतलं नाही. नाकाचं शेण उपरण्यानं पुसत ते मुकाट्यानं उतारानं चालते झाले.