डाव्या हाताची गोफण

ते बघा, उठले. फाल्गुनात ऊन तापलं की शेलवडीच्या तळ्यावरून करकोचे असेच परत निघतात. अर्धे समोरच्या खिंडीतून, गढीवरून सरळ उत्तरेला. अर्धे डोंगराला मावळतीकडून वळसा घालून. पाखरू एकच, वाटा मात्र दोन. हे सगळं आमच्या ठकूबाईमुळं झालं, असं सांगतात.

पूर्वी सगळे खिंडीतूनच जात. ठकू तळ्याकाठच्या हरभऱ्याची राखण करायची. हिवाळाभर माळ्यावर उभी राहून गोफण फिरवायची नि करकोच्यांना शिव्या घालायची, त्याही ठेवणीतल्या. एका वर्षी गढीवरच्या जहागीरदाराकडं लग्न निघालं. पंगतीत करकोचे वाढायचे म्हणून त्यानं बुरुजावर शिकारी ससाणे बसवले आणि दवंडी पिटली, की पाखरं जो हुसकेल त्याचा उजवा हात तोडू.

"बरं झालं की गं," शेजारणी म्हणाल्या. "तुझी पीडा टळली."

"माझा हरभरा खाल्ला, ते माझं नि त्यांचं भांडण," ठकू म्हणाली. "ह्याचं काय खाल्लं त्यांनी?"

पहिला थवा उठला तेव्हा ती खिंडीच्या तोंडाशी उभी होती. तिनं दगडांचा असा मारा केला, की थवा बिचकून मावळतीला वळला. तेवढ्यात शिपायांनी तिला धरलं. हात गेला. मागचा थवा गढीवरून गेला आणि त्यातले कितीतरी पंगतीत आले, म्हणे. तिला हातापेक्षा ते जास्त लागलं.

पुढच्या फाल्गुनात वळलेल्या थव्यानं पिल्लांना नवी वाट दाखवली. दुसऱ्या थव्यातले वाचलेले मात्र जुन्याच वाटेला लागले. आईबापांची वाट पाखरू सहजी सोडत नाही. जहागीरदाराला तर चटक लागली होती. ठकूनं पाखरं वळवायचा नाद सोडला. ती थेट बुरुजाखाली गेली, गुडघ्यावर गोफण पसरून तिच्यात दगड ठेवला नि डाव्या हातानं ससाण्यांवरच भिरकावला. ससाणे उधळले ते परत आलेच नाहीत.

शिपाई धावले. ठकू जागची हलली नाही.

"दवंडीत उजवा होता, तो घेतलात," ती जहागीरदाराला म्हणाली. "डावा माझा आहे."

तिच्या मागं सगळा गाव येऊन उभा होता. प्रत्येकाच्या डाव्या हातात गोफण होती. जहागीरदारानं दरवाजा लावून घेतला.

आजही करकोचे निघाले की आमच्या बाया इथं जमतात, गोफण गुडघ्यावर पसरतात आणि डाव्या हातानं गढीकडं एकेक दगड मारतात. गढीत आता कुणी राहत नाही. तरी मारतात.