घोडीवरच्या खाचा

फार पूर्वी, राजे निवाड्याला बसण्याआधी घटकाभर वीणा ऐकत असत, त्या काळची ही गोष्ट आहे.

एका राज्यात एक थोर वीणावादक होते. त्यांनी तार छेडली, की सूर लगेच विझत नसे. घंटेवर टोला पडून गेल्यावर हवा जशी थरथरत राहते, तसा तो सभेत रेंगाळत राही. तीस वर्षे त्यांनी राजसभेत वाजवले आणि एका शिशिरात ते शांतपणे गेले. जाण्यापूर्वी आपली वीणा त्यांनी आपल्या एकुलत्या एका शिष्याच्या मांडीवर ठेवली.

राजा शिष्याला म्हणाला, "तुझ्या गुरूंचे आसन मी तीन वर्षे रिकामे ठेवीन. त्यानंतरच्या वसंतोत्सवात तू येऊन वाजव. माझे मन पुन्हा तसे रमले, तर आसन तुझे. नाहीतर ही वीणा रत्नशाळेत ठेवू. निदान लोकांना पाहता तरी येईल."

शिष्याला आसनाचा मोह नव्हता असे नाही. पण त्याहून मोठी ओढ एकच होती : तो सूर एकदा, निदान एकदा, पुन्हा कानी पडावा. पहाटे तो वाजवायला बसे, तेव्हा वाजवण्यापेक्षा ऐकतच अधिक असे. बंद दाराबाहेर उभे राहून आतल्या माणसाची चाहूल घ्यावी, तसा.

वीणेच्या तारा ज्या हाडाच्या पट्टीवरून जातात, तिला घोडी म्हणतात. तारा घासून घासून त्या घोडीवर खाचा पडल्या होत्या. शिष्याला त्या खाचा म्हणजे गुरूंच्या पावलांचे ठसे वाटत. रोज वाजवण्यापूर्वी तो त्यांना चंदनाचे बोट लावी आणि घोडीला दुसऱ्या कुणाचा हात लागू देत नसे.

पहिल्या वर्षी सूर थोडा आखडला. दुसऱ्या वर्षी तो घोगरा झाला. शिष्याने तारा बदलल्या, भोपळ्याला तेल दिले, साधना दुप्पट केली. बोटांना घट्टे पडले, पण सूर काही उमलेना. तिसऱ्या वर्षी शेजारीण कुंपणावरून विचारू लागली, "भाऊ, आज वीणा वाजवताय, की डाळ भरडताय?"

शिष्य हसला. घरात गेल्यावर मात्र त्याचे डोळे भरून आले.

वसंतोत्सवाला पंधरा दिवस उरले, तेव्हा त्याला वाटले, तारांतच काही खोट असावी. चांगल्या तारांसाठी तो वीणा घेऊन नदीपलीकडच्या वाद्यकारांच्या गावी गेला. तिथे एक म्हातारी वीणा घडवीत असे. तिची नजर मंदावली होती. पण वीणेवरून हात फिरताच तिचा चेहरा उजळला.

"ही तर आमच्या बुवांची! तीन फाल्गुन गेले, फिरकले नाहीत. रुसले की काय माझ्यावर?"

"ते गेले, आजी."

म्हातारीचा हात वीणेवरच थांबला. मग तिने एक तार छेडली आणि तोंड वाकडे केले.

"आणि त्यांच्यामागे हिचं हे काय करून ठेवलंस? घोडी घासली का नाहीस?"

"घासू? आजी, गुरूंच्या तीस वर्षांच्या खाचा आहेत त्या!"

"तीस वर्षांच्या?" म्हातारी हसतच सुटली. "अरे लेका, दर फाल्गुनात ते इथे येऊन घोडी घासून घ्यायचे. खाच पडली, की तार तिच्यात रुतून बसते. मग सूर निघायचा कुठून? आणि ही घोडी तर तिसरी. आधीच्या दोन झिजून संपल्या."

शिष्याला आठवले. दर फाल्गुनात गुरू वीणा घेऊन आठ दिवस कुठेसे जात. एकांतात साधनेला जात असतील, असे तो समजत आला होता.

म्हातारीने खाचांवरून नख फिरवले. नखात वाळलेले चंदन आले. "यात त्यांचं एकच वर्ष आहे, बाबा. उरलेली तीन तुझी. तू स्वतःच स्वतःला गंध लावत बसलास!"

शिष्याची मान खाली गेली. त्याने राजाची अट तिला सांगितली आणि हळूच म्हटले, "पण आजी, एक वर्ष का होईना, ते आहेत त्यात."

"आहेत ना. म्हणून तर मी कानस चालवणार नाही. पहिला हात तुझा. नसेल धजत, तर अशीच घेऊन जा. रत्नशाळेत छान दिसेल."

अंगणातली सावली पार भिंतीपर्यंत सरकली, तरी शिष्य कानस हातात धरून बसून होता. मग त्याने डोळे पुसले आणि घोडीवरून कानस फिरवली. पांढरी भुकटी पडली. ती तो उपरण्यात गोळा करू लागला, तेवढ्यात म्हातारीने तिच्यावर फुंकर घातली.

"हे नेऊन काय करशील? हे वाजत नाही."

पुढचे काम तिने केले. घासावे, तार छेडावी, कान द्यावा, पुन्हा घासावे, असे तीन दिवस चालले. चौथ्या दिवशी तिने वीणा परत दिली, तेव्हा तिचा सूर मोकळा झाला होता.

वसंतोत्सवात शिष्य वाजवायला बसला. शेवटची तार कितीतरी वेळ थरथरत राहिली. वृद्ध राजाने डोळे उघडले.

"हा सूर त्यांचा नाही," तो म्हणाला.

शिष्याने वीणा मांडीवरून उतरवली आणि ती राजापुढे धरली.

"राहू दे," राजा म्हणाला. "ते वाजवीत, तेव्हा मी निवाडा विसरून बसत असे. आज तीन वर्षांनी तसाच बसलो होतो. जा, आसनावर बस."

शिष्य गुरूंच्या आसनावर बसला. जो सूर ऐकण्यासाठी तो तळमळला, तो त्याला पुढेही कधी ऐकू आला नाही, आणि त्याची ओढही कधी सरली नाही. पण दर फाल्गुनात तो नदी ओलांडून जाई, आणि वर्षभर पडलेल्या आपल्या खाचा आपल्याच हाताने घासून येई.

तात्पर्य : गुरूंच्या खुणा जपल्याने त्यांची विद्या टिकत नाही, त्यांनी जे कष्ट दरवर्षी नव्याने घेतले, ते आपणही घेतले तरच ती टिकते.