मिर्टोने रंगवलेली कळशी

"...आणि म्हणे लाम्पोनच्या भट्टीत एक परी राहते! ती पोर नुसती कुंचली धरून बसते, आणि कळशीवर आपोआप..."

एवढंच मिर्टोच्या कानावर पडलं. पुढचं ऐकायला ती विहिरीपाशी पोचली, तर बायका एकदम गप्प. एकीने पदर सावरला, एकीला अचानक दोरीची गाठ सापडेना. मिर्टोने घडा भरला आणि मनातल्या मनात धुमसत निघाली. आपोआप म्हणे! रेघ मारून मारून बोटं आखडतात ती कोणाची?

फार फार जुनी गोष्ट आहे ही, समुद्रापलीकडच्या अथेन्स नगरातली. तिथल्या कुंभारआळीत मिर्टो राहायची, दहा वर्षांची, नाकाच्या शेंड्यावर कायम मातीचा एक ठिपका असलेली. आई नव्हती. बाबा, म्हणजे मिक्कोस, एके काळी आळीतले सगळ्यांत चांगले चित्रकार. पण भट्टीच्या धुराने त्यांचे डोळे गेले होते. घरात सातूची पातळ पेज, तीसुद्धा एकच वेळ. म्हणून बाबांची कुंचली मिर्टोने उचलली आणि ती लाम्पोनमालकाच्या छपरीत मडकी रंगवायला बसू लागली.

काय सुंदर रंगवायची हो! इवलाल्या माशांची रांग, चिमुकल्या पक्ष्यांच्या पिटुकल्या चोची, द्राक्षांचे टपोरे घोस. पण प्रत्येक मडक्याच्या तळाशी लाम्पोन ऐटीत लिहायचा, 'लाम्पोनने मला रंगवलं.' त्याला धड एक मासा काढता येत नव्हता. काढलाच तर तो वांग्यासारखा दिसायचा.

त्या वर्षी अथीनादेवीच्या उत्सवासाठी आळीतून एक कळशी निवडली जाणार होती. जिच्यावर ज्याचं नाव, त्याला आळीत स्वतःची बैठक, स्वतःचं चाक, स्वतःची फळी, तीही जन्मभरासाठी. मिर्टोने महिनाभर खपून कळशी रंगवली. वीर आणि घोडे सगळेच काढतात. तिने विहीर काढली. भोवती बायका, एक हट्टी गाढव, आणि मधोमध डोक्यावर घागर घेऊन कोणाला तरी फैलावर घेणारी क्रितोमावशी. क्रितोमावशी म्हणजे शेजारीण, पाण्याच्या घागरी घडवणारी. बोलायला लागली की आळीतली कुत्रीसुद्धा बसून ऐकत.

आणि तळाशी, अगदी बारीक अक्षरांत, मिर्टोने लिहिलं, 'मिर्टोने मला रंगवलं.'

भट्टी लावायच्या दिवशी सकाळी लाम्पोनने ते वाचलं. त्याने ओला फडका घेतला आणि नाव पुसून टाकलं.

"मालक!" मिर्टो ओरडली. "ते माझं नाव आहे!"

"छपरी माझी, माती माझी, भट्टी माझी," लाम्पोन म्हणाला. "नाव तेवढं तुझं? वा गं वा!" आणि ओल्यावरच त्याने रंगाची माती जाड जाड थापून स्वतःचं नाव लिहिलं. कळशी भट्टीत गेली, दार लिंपलं, आग पेटली.

मिर्टोचे कान लाल झाले, गाल लाल झाले, मुठी वळल्या. रंगाची वाटी उचलून ती मागच्या ऑलिव्हच्या बागेत गेली आणि एका झाडाखाली धपकन बसली, ती दुपार कलली तरी उठली नाही. आभाळ निळंशार होतं, पानं रुपेरी चमचमत होती, तिला त्यातलं काही म्हणजे काही आवडेना.

तेवढ्यात वाटीत काहीतरी फडफडलं. एक सोनेरी किडा रंगाच्या दाट मातीत रुतला होता. राग रागाच्या जागी. मिर्टोने कुंचलीच्या टोकाने त्याला अलगद उचललं. जवळ प्यायला घोटभरच पाणी होतं. तेही तिने त्याच्या पंखांवर थेंब थेंब सोडून संपवलं.

पंख धुतले गेले आणि झगमग झाली! किडा कुठला, ती तर बोटाएवढी परी. केशरी झगा, मोरपंखी पंख, डोक्यावर ऑलिव्हच्या फुलाची पांढरी टोपी.

"अगंबाई, नाक केवढं फुगलंय तुझं!" परी म्हणाली. "कोणावर एवढी चिडलीस?"

मिर्टोने सगळं सांगितलं. सांगताना दोनदा पाय आपटला.

"चिडायलाच हवं," परी म्हणाली. "मीसुद्धा चिडले असते. बरं, तू मला वाचवलंस. माग काहीतरी. पण ऐक हं, मागणं एकच. कोणाला इजा करणारं नको. आणि ज्याच्यापायी मागायचं, त्याच्यासमोर उभं राहून, त्याला ऐकू जाईल असं मागायचं. माघारी पुटपुटलेलं मला ऐकू येत नाही."

"मालकांसमोर?" मिर्टोचा आवाज बारीक झाला. मग परत मोठा. "बरं! त्यांच्या तोंडावर मागते. माझं नाव परत हवंय मला!"

इतक्यात आळीतून क्रितोमावशीचा आवाज आला. "अरे ए लाम्पोन! झाकण काढ की मेल्या!"

मिर्टो धावली. मातीला रंग कसा चढतो, हे आळीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. आधी आगीला मोकळी हवा द्यायची. मग भट्टीचं धुराडं झाकून आत धूर कोंडायचा, म्हणजे सगळं काळं होतं. मग वेळेवर झाकण काढायचं. हवा आत गेली की मडकं परत लाल होतं, आणि चित्र तेवढं काळंभोर चमकत राहतं. उशीर झाला, आग निवली, की सगळंच काळं. ना मासे, ना पक्षी, नुसती कोळशाची मडकी.

आणि लाम्पोन लांब लोखंडी आकडा हातात धरून रस्त्याकडे बघत उभा होता.

"उत्सवाचे पंच येऊ देत," तो म्हणाला. "त्यांच्यासमोर काढणार मी झाकण. बघू दे त्यांना, भट्टी कशी सांभाळतात ते."

"तुझे पंच येतील तेव्हा येतील! माझ्या तीस घागरी आहेत आत! अख्ख्या आळीची मडकी आहेत!" क्रितोमावशी रडकुंडीला आली होती. शेवटी तिने त्याच्या हातातून आकडा हिसकला आणि झाकण उडवलं. आत निखारे राखाडी पडले होते. तिने कपाळाला हात लावला. "संपलं गं पोरी. वर्षाची मेहनत गेली."

मिर्टोच्या खांद्यावर परी बसली होती, कोणाला न दिसणारी. मिर्टोने क्रितोमावशीकडे पाहिलं. तिच्या हातांच्या भेगांत अजून माती होती. मग मिर्टो लाम्पोनसमोर जाऊन उभी राहिली. आणि आवाज? खणखणीत!

"मालक, तुम्ही माझं नाव पुसलंत. माझी चित्रं स्वतःची म्हणून सांगितलीत. मी फार चिडलेय तुमच्यावर, आणि हे सगळ्यांना ऐकू दे! आणि मी मागते की तुमच्या ऐटीपायी आळीतलं एकही मडकं वाया जाऊ नये. सगळ्यांची, सगळी, धड निघू देत!"

मिर्टोच्या खांद्यावर सोनेरी ठिणगी लकाकली आणि धुराड्यात शिरली. भट्टीने मोठा श्वास घेतला, हूऽऽऽश! राखाडी निखारे गुलाबी झाले, मग डाळिंबी, मग लालबुंद.

स्वतःचं नाव मात्र आता मागता येणार नव्हतं. मिर्टो घरी गेली, बाबांच्या कुशीत शिरली आणि पोटभर रडली.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आली तेव्हा भट्टी उघडली. पंचही उभे होते, म्हातारे दोघे. लाल लाल घागरी निघाल्या, काळे चमकदार मासे निघाले. शेवटी कळशी आली. विहीर, गाढव, फैलावर घेणारी बाई!

"ही तर मीच!" क्रितोमावशी किंचाळली. "पण मी एवढी जाड आहे होय गं?"

लाम्पोन पुढे झाला. "तळाशी नाव वाचा, पंच." त्याने बोटाने दाखवलं, आणि बोट लागताच त्याची जाड थापलेली अक्षरं पापुद्र्यासारखी सुटून खाली पडली. त्याखाली, फिकट तपकिरी पण स्वच्छ, बारीक अक्षरं होती. पंचांनी वाकून वाचलं. "मिर्टोने मला रंगवलं."

तेव्हा रिकाम्या भट्टीतून परी वर आली, आणि या वेळी ती सगळ्यांना दिसली. "हे नाव मी नाही हं लिहिलं," ती हसून म्हणाली. "मी तर काल निखारे तेवढे फुलवले. फडक्याने वरची माती पुसली गेली. आत मुरलेली तशीच राहिली, आणि ओल्यावर थापलेली सुटली." तिने मिर्टोच्या मातकट नाकावर ओठ टेकले. केशरी, मोरपंखी, रुपेरी उजेड सगळ्या आळीवर उधळला, आणि परी त्यात विरून गेली.

पंचांनी तीच कळशी निवडली. मिर्टोला बैठक मिळाली, चाक मिळालं, खिडकीपाशी बाबांना बसायला ऊनही मिळालं. लाम्पोन तिच्या फळीसमोरून मान खाली घालून जायचा. मिर्टो काही लगेच त्याच्याशी बोलली नाही. बरेच दिवस नाही.

आणि विहिरीवर बायका अजून सांगायच्या, की लाम्पोनच्या भट्टीत परी राहते, ती मिर्टोची मडकी रंगवते.

"राहत नाही," क्रितोमावशी घागर आपटून सांगायची. "एकदा आली होती, ते मी या डोळ्यांनी पाहिलं. पण रंगवते ती आमची मिर्टोच!"